बॅटरीला कनेक्टर जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी रिमोटची विमानं उडवायला मैदानावर निघायच्या आधी आमच्या गॅलरीत कुणीतरी तुटका कनेक्टर हातात घेऊन उभं असतंच. कधी इंजिनिअरिंगला असलेला शेजारचा मुलगा, कधी निवृत्तीनंतर फोमची विमानं करायला लागलेले काका. प्रश्न तेच ते, म्हणून एकदाचे लिहून काढले. कनेक्टर तारेला जोडतात तो सोल्डरिंगने: सोल्डर नावाचा कथील-शिशाचा मिश्रधातू तापलेल्या आयर्नने वितळवून. उदाहरणासाठी सगळीकडे एकच जोडी धरली आहे: ३एस (एकामागे एक जोडलेले तीन सेल) २२०० एमएएचची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी आणि पिवळा एक्सटी६० कनेक्टर. शिकाऊ विमानांत आणि छोट्या आरसी, म्हणजे रिमोटच्या, गाड्यांत हीच जोडी सगळ्यात जास्त दिसते.

आधी कधीच सोल्डरिंग केलेलं नाही. थेट बॅटरीपासून सुरुवात केली तर चालेल?

नाही. घरातला स्विचबोर्ड उघडताना आपण मेन पाडतो. लिपोला पाडायला मेन नाही. तिच्या दोन तारा चोवीस तास जिवंत असतात आणि तुमचा हात नवशिका आहे हे तिला ठाऊक नसतं.

पहिले दहा-बारा जोड निर्जीव तारेवर करा. १२ गेजच्या तारेचे दोन-दोन इंचांचे तुकडे घ्या, एक स्वस्तातला कनेक्टर बळीचा बकरा करा आणि जोडत सुटा. झालेला जोड पकडीने ओढून बघा. मग हॅकसॉच्या पात्याने तो मधोमध आडवा कापा. हे कापणं कुणी करत नाही, पण शिकवतं तेच. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या जोडाच्या पोटात बारीक तारा कोरड्या, लालसर आणि सुट्ट्या दिसल्या, तर सोल्डर फक्त वरून थापलं गेलंय. चांगल्या जोडाचा काप एकसंध चंदेरी असतो आणि तारा त्यात ठिपक्यांसारख्या दिसतात.

त्यानंतर खरं काम घ्यायचं तर ॲडॉप्टर करा: एका बाजूला टी-प्लग (दुसऱ्या घडणीचा कनेक्टर), दुसऱ्या बाजूला एक्सटी६०. किंवा ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) बाजूचा कनेक्टर बदला. त्यात जिवंत काहीच नसतं. बॅटरी शेवटी.

कल्हई आणि हे सोल्डरिंग एकच का?

हा प्रश्न वरच्याच काकांचा, आणि मला तो फार आवडला. सख्खी नाहीत, पण चुलत भावंडं नक्की.

कल्हईवाला भात्याने निखारे फुलवायचा, पातेलं तापवायचा, आत नवसागर टाकायचा. भसकन पांढरा धूर निघायचा. मग कथलाची कांडी त्या तापलेल्या तांब्यापितळेला नुसती टेकवायची, की कथील आपोआप पसरायचं आणि कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवायचं. त्याने कधी कथील वेगळं वितळवून थंड भांड्यावर ओतलं नाही. भांडं तापलं पाहिजे, कथील मागून येतं. नवशिक्यांचे दहातले आठ खराब जोड हे एवढंच विसरल्यामुळे होतात: आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घ्यायचा आणि तो थंड तारेवर पुसायचा. तो चिकटल्यासारखा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी टवका उडावा तसा निघतो.

तारेच्या टोकाला आधीच सोल्डर पाजून ठेवणं, ज्याला आपण टिनिंग म्हणतो, ती तर सरळसरळ कल्हईच. फरक दोन. नवसागराच्या जागी इथे राळ असते, कारण नवसागराचा उरलेला अंश तांब्याला हळूहळू खातो. भांडं लगेच धुता येतं, तारेच्या आत शिरलेलं काही धुता येत नाही. आणि शुद्ध कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, तर त्यात ३७ टक्के शिसं मिसळलं की १८३ अंशांनाच.

दुकानात सोल्डर मागितलं तर दहा प्रकार दाखवतात. कोणतं घ्यायचं?

६३/३७ किंवा ६०/४० (आधी कथलाचे टक्के, मग शिशाचे), पोटात राळ असलेलं, १ मिलिमीटरच्या आसपास जाडीचं. ६३/३७ चा फायदा असा की ते १८३ अंशांना एकदम द्रव होतं आणि एकदम घट्ट. ६०/४० मध्ये १८३ ते साधारण १९० अंशांपर्यंत एक लापशीसारखी अवस्था असते आणि त्या वेळात हात हलला की जोड बिघडतो. नवशिक्याने म्हणून दोन पैसे जास्त देऊन ६३/३७ घ्यावं. शिशाविना येणारं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं, नीट पसरत नाही आणि चांगला जोडही मंद दिसतो, त्यामुळे शिकताना डोळ्यांना काही कळत नाही.

पत्रे आणि नळ जोडायचं आम्लाचं फ्लक्स (नवसागर-राळेसारखं, धातू साफ करणारं द्रव्य) मात्र लांब ठेवा. डबीवर काय आहे ते लिहिलेलं नसेल, तर ती डबी बॅटरीच्या कामाला नको.

माझ्याकडे २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न आहे. तेवढ्यावर भागेल?

सर्किट बोर्डावर भागेल. एक्सटी६० वर नाही. आणि नेमकं इथेच सगळ्यांची समजूत उलटी असते.

लोकांना वाटतं, छोटा आयर्न म्हणजे कमी उष्णता, म्हणजे बॅटरीला आणि प्लास्टिकला धोका कमी. प्रत्यक्षात होतं काय? १२ गेजच्या तारेत तांबं आहे ३.३ चौरस मिलिमीटर. तांबं उष्णता आयर्नकडून घेतं आणि तारेतून मागे पळवून नेतं. २५ वॅटचा आयर्न टेकवला की त्याचं टोकच गार पडतं. मग तुम्ही वाट बघता. दहा सेकंद, वीस सेकंद, अर्धं मिनिट. तेवढ्यात तारेचं आवरण गरम झालंय, कनेक्टरचं नायलॉन मऊ झालंय, पिन एका बाजूला कलली आहे आणि सोल्डर अजून दहीच. याच जागी ६० ते ८० वॅटचा, रुंद टोकाचा आयर्न तीन ते पाच सेकंदांत काम उरकतो आणि उष्णतेला मागे पसरायला वेळच मिळत नाही. जास्त ताकद, थोडा वेळ: प्लास्टिक यानेच वाचतं.

तापमान ठरवता येणारा आयर्न असेल तर ३८० ते ४०० अंशांवर ठेवा. सोल्डर १८३ ला वितळतं मग ४०० कशाला, असं विचाराल. टोक टेकवताच तापमान धाडकन खाली येतं, त्याची ही आधीच केलेली तरतूद.

आकडा ४५० वर नेऊन बारीक टोकाने काम भागवायचा मोह आवरा. सुईसारख्या टोकात साठवलेली उष्णता मुळात चिमूटभर असते. ते कितीही तापवलं तरी तारेला टेकल्यावर तिथेच गप्प बसतं. छिन्नीच्या आकाराचं, ४ ते ५ मिलिमीटर रुंदीचं बिट लावा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ‘चिझल बिट’ म्हटलं की लगेच काढून देतात. बिट काळं पडलं असेल तर तेही उष्णता देत नाही. ओल्या स्पंजवर किंवा पितळी काथ्यावर पुसा, ताजं सोल्डर लावा, ते आरशासारखं चमकलं पाहिजे. काम संपल्यावरही थोडं सोल्डर टोकावर तसंच ठेवून आयर्न बंद करा.

पंखा चालू ठेवून चालेल का? फार उकडतं.

डोक्यावरचा नको, तो जोड थंड करतो. धूर बाजूला ओढून नेणारा छोटा पंखा टेबलाच्या कडेला चालेल.

तार कोणती? घरात वायरिंगची तार पडून आहे.

ती राहू द्या तिथेच. वायरिंगच्या तारेचं पीव्हीसी आवरण सोल्डरिंगच्या उष्णतेने मागे सरकतं, मऊ पडतं आणि विमानात वळवताना ती तार ताठ राहून कनेक्टरवर जोर टाकते. इथे सिलिकॉनचीच तार हवी. तिचं आवरण २०० अंशांपर्यंत सहज टिकतं आणि आत केसासारख्या बारीक तारा असतात: १२ गेजमध्ये साधारण ६८०, प्रत्येक ०.०८ मिलिमीटरची. म्हणून ती धाग्यासारखी लवते.

३एस २२०० साठी १४ किंवा १२ गेज. १४ गेज म्हणजे सुमारे २ चौरस मिलिमीटर. बॅटरीवर आधीच जी तार आहे तिच्यापेक्षा बारीक कधीही जोडू नका.

सोलताना बारीक तारा तुटू देऊ नका. सिलिकॉन इतकं मऊ असतं की ब्लेड हलकेच गोल फिरवून नखाने ओढलं तरी निघतं. सोललेला भाग कनेक्टरच्या वाटीच्या (पिनेच्या मागची पोकळी, जिच्यात तार बसते) खोलीइतकाच, ४-५ मिलिमीटर. आतलं तांबं काळपट दिसलं, आणि कोकणातल्या मित्रांच्या तारा पावसाळ्यानंतर हमखास तशा दिसतात, तर तेवढं टोक छाटून आत चांगलं तांबं लागेपर्यंत मागे या. काळ्या तारेवर सोल्डर घरंगळतं, धरत नाही.

एक्सटी६० म्हणजे ६० अँपिअर, बरोबर?

नावात ६० आहे, पण उत्पादकाच्या पत्रकात सतत ३० आणि क्षणभर ६० असं असतं. एक्सटी३० ला १५ आणि ३०, एक्सटी९० ला ४५ आणि ९०. पिनांचे व्यास अनुक्रमे २, ३.५ आणि ४.५ मिलिमीटर. शिकाऊ विमान पूर्ण थ्रॉटलला २०-२५ अँपिअर घेतं, त्याला एक्सटी६० उत्तम. सतत ४० अँपिअर खेचणारं काही असेल तर एक्सटी९० कडे वळा.

बॅटरीवर ‘२५सी’ लिहिलेलं असतं, म्हणजे क्षमतेच्या (२.२ अँपिअर-तास) २५ पट: कागदोपत्री २.२ गुणिले २५ = ५५ अँपिअर. तो आकडा विकणाऱ्याच्या उत्साहाचाही असतो. कनेक्टर निवडताना मोटर किती घेते ते बघा.

दोन तुकड्यांपैकी बॅटरीला कोणता लावायचा?

ज्याचा धातू प्लास्टिकच्या आत पूर्ण लपलेला आहे, तो. उघड्या दिसणाऱ्या पिनांचा तुकडा विमानाच्या बाजूला. जिथे वीज कायम आहे तिथे हाताला, चावीला, नाण्याला लागेल असं काही उघडं नको.

त्याच न्यायाने चार्जरची केबल: आधी तिचे केळीच्या आकाराचे प्लग चार्जरमध्ये, मग बॅटरी. उलट केलं तर ते दोन उघडे प्लग जिवंत होऊन टेबलावर लोळतात.

अधिक-वजा प्लास्टिकवर कोरलेलं असतं. पिवळ्यावर पिवळं असल्याने दिसत नाही. मी काम सुरू करण्यापूर्वी काळ्या स्केचपेनने वजाच्या बाजूला ठिपका देतो.

बॅटरीवरचा जुना कनेक्टर कसा काढायचा?

हे उत्तर घाईत वाचू नका.

दोन्ही तारा एकत्र कधीही कापू नका. कधीही. कटरचं पातं लोखंडाचं आहे, दोन तारांमधून गेलं की ते दोघींना जोडतं. पूर्ण चार्ज ३एस म्हणजे १२.६ व्होल्ट, बॅटरीचा आणि तारांचा मिळून रोध २० मिलिओहम धरला तर त्या क्षणी प्रवाह होतो ६३० अँपिअर.

मी हे केलेलं आहे. रात्री साडेअकराला, उद्या सकाळी उडवायचं म्हणून घाईघाईत. तारा एकाच काळ्या नळीत होत्या आणि मी नळीसकट कटर चालवला. आवाज फटाक्यासारखा नव्हता, कोरडा ‘फट्’ असा होता, आणि डोळ्यांपुढे निळा-हिरवा डाग बराच वेळ राहिला. बॅटरी वाचली. कटरच्या दोन्ही पात्यांत मसुराच्या डाळीएवढा अर्धगोल खड्डा पडला. तो कटर अजून पेटीत आहे. नवीन कुणी आलं की आधी तोच हातात देतो. आता त्याच खड्ड्याने बारीक तारा छान सोलल्या जातात, हा भाग वेगळा.

तर पद्धत अशी. बॅटरी आधी साठवणुकीच्या पातळीवर आणा, प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास. भरलेली बॅटरी पेटली तर जास्त भडकते. अंगठी, कडं, घड्याळ काढा. बॅलन्सची (चार्जरला प्रत्येक सेल वेगळा दाखवणारी) छोटी पांढरी पिन चिकटपट्टीत गुंडाळा. तिच्या चार तारांमध्येही तीच वीज आहे. काम फरशीवर किंवा जाड लाकडी फळीवर करा, लोखंडी टेबलावर नाही. जवळ वाळूची बादली असू द्या.

मग काळी तार कनेक्टरपाशी कापा. तिच्या उघड्या टोकावर लगेच पट्टी गुंडाळा. ती पट्टी बसेपर्यंत लाल तारेकडे बघायचंसुद्धा नाही. मग लाल कापा, तिच्यावर पट्टी. कनेक्टर सोल्डर वितळवून काढायच्या फंदात पडू नका. एक सेंटिमीटर तार गेली तर जाऊ द्या.

आता जोडायचा क्रम सांगा, अगदी हात धरून.

कनेक्टर कशात तरी घट्ट धरून ठेवायला हवा. मी सागवानाच्या ठोकळ्याला खाच पाडून घेतली आहे, त्यात एक्सटी६० गच्च बसतो. कपड्याचा चिमटाही चालतो. तिसरा हात नसेल तर बाकी सगळं फुकट.

त्याच्या तोंडात जोडीचा दुसरा, सुटा कनेक्टर खुपसून ठेवा. प्लास्टिक मऊ पडलं तरी पिना सरळ राहतात आणि थोडी उष्णता त्याच्यात जाते. पण एक लक्षात घ्या, जे बहुतेक जण सांगत नाहीत: बॅटरीची पहिली तार जोडली गेली की त्या सुट्या कनेक्टरची मागची उघडी वाटीही जिवंत होते. म्हणून त्याचा मागचा भाग आधीच पट्टीने झाका.

हीट श्रिंकचे, म्हणजे तापवल्यावर आवळणाऱ्या नळीचे, दोन तुकडे तारांवर ओवा आणि लांब मागे सरकवा, बॅटरीपर्यंत. जवळ राहिले तर सोल्डरिंगच्या उष्णतेनेच तिथल्या तिथे आवळून बसतात. कनेक्टरला मागचं झाकण असेल तर तेही आत्ताच ओवा.

मग काळ्या तारेची पट्टी काढा, सोला, बारीक तारा बोटांनी हलकेच पिळा. आयर्नचं टोक तारेच्या खालून टेकवा आणि सोल्डर वरून, तारेला लावा, आयर्नला नाही. दोन-तीन सेकंदांनी तार ते पिते. हा क्षण बघण्यासारखा असतो: वर ठेवलेला सोल्डरचा धागा अचानक आखडतो, लाल-तांबडी तार काठापासून आतपर्यंत चंदेरी होत जाते आणि बारीक तारांचे उंचवटे खालून दिसत राहतात. ते उंचवटे दिसेनासे होऊन गोळा झाला, तर सोल्डर जास्त झालं. वाटीत शिरणार नाही. आवरणाच्या आत सोल्डर चढू देऊ नका, नाहीतर तार तिथे ताठ होते आणि पुढे वाकताना तिथेच तुटते.

आता कनेक्टरची वजाची वाटी. आयर्नचं रुंद टोक वाटीच्या बाहेरच्या अंगाला सपाट टेकवा. वाटी तापली की आत सोल्डर सोडा, निम्म्याहून थोडं जास्त. काठोकाठ भरलं तर तार घुसताना ते बाहेर सांडतं. आयर्न न उचलता, वाटीतलं सोल्डर पाण्यासारखं हलत असतानाच तार आत बुडवा. एक-दोन सेकंद आयर्न तसाच, म्हणजे तारेतलं सोल्डर आणि वाटीतलं सोल्डर एक होतं. मग आयर्न काढा आणि पुतळा व्हा. तीन-चार सेकंद श्वाससुद्धा जपून. पृष्ठभागावरची चमक क्षणभर ओसरून बसल्यासारखी दिसते, तेव्हा ते घट्ट झालं. फुंकर मारायची नाही. पोह्यांची बशी नाही ती.

पूर्ण थंड झाल्यावर हीट श्रिंक पुढे आणा आणि गरम हवेने आवळा. लायटर वापरलात तर ज्योत लांब ठेवा, काजळी धरते. हा पहिला जोड पूर्ण झाकल्याशिवाय लाल तारेची पट्टी काढायची नाही. मग तेच सगळं लाल तारेला.

शेवटी मल्टिमीटर. लाल प्रोब अधिकला, काळा वजाला, आकडा वजाच्या चिन्हाशिवाय आला पाहिजे. स्क्रीनवर वजाचं चिन्ह दिसलं तर तिथेच थांबा. उलट जोडलेली बॅटरी ईएससीला एका क्षणात संपवते.

जोड चांगला झाला की नाही, कसं ओळखू?

आधी डोळे: सोल्डर वाटीच्या कडांना अंतर्वक्र होऊन चढलेलं असावं, थेंबासारखं फुगून बसलेलं नसावं. मग पकड: तार धरून कनेक्टर ओढा. जीव लावून ओढा. विमान कोसळताना तो हिसका यापेक्षा मोठा असतो. मग बोट: पहिल्या उड्डाणानंतर लगेच कनेक्टरला हात लावा. कोमट असेल तर ठीक. दोन्ही बाजूंपैकी एकच गरम असेल तर त्या बाजूचा जोड खराब आहे, दुसरं कारण शोधत बसू नका.

थंड, म्हणजे नीट न तापवता केलेल्या, जोडाने एवढं काय बिघडतं? मोटर तर फिरते.

फिरते. जोडाचा रोध १० मिलिओहम आहे असं धरा, म्हणजे साध्या मल्टिमीटरवर शून्यच दिसेल. २५ अँपिअरला त्यात जाणारी शक्ती: २५ गुणिले २५ गुणिले ०.०१, सव्वासहा वॅट. तुमच्या त्या २५ वॅटच्या आयर्नचा चौथा हिस्सा, बंद प्लास्टिकच्या आत, पाच मिनिटं. आधी व्होल्टेज पाव व्होल्टने पडतं, मग प्लास्टिक मऊ होतं, पिन सैल होते, रोध आणखी वाढतो. आणि हे सगळं जमिनीपासून चाळीस-पन्नास मीटरवर.

प्लास्टिक वितळून पिन वाकडी झाली. सरळ करून वापरू?

नको. कनेक्टर टाका. तो दोन वडापावांच्या पैशात येतो, ईएससी येत नाही.

मात्र नीट ३-४ सेकंदांत काम करूनही प्लास्टिक वितळत असेल तर कनेक्टरच हलका असू शकतो. मी एकदा वीसची पिशवी स्वस्त मिळाली म्हणून उचलली. पहिल्याच वाटीला आयर्न टेकवला तर पिन लोण्यात रोवलेल्या काडीसारखी कलली. अस्सल अमासच्या (एक्सटी६० बनवणारी कंपनी) तुकड्यावर नाव स्पष्ट कोरलेलं असतं, पण नक्कल करणारेही नाव कोरतात. म्हणून नवीन पिशवीतला एक तुकडा आधी बळी द्यायचा.

हीट श्रिंक ओवायला विसरलो.

मीही विसरतो. जोड उघडा, ओवा, पुन्हा करा. चिकटपट्टीवर भागवू नका, मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या डिकीत तिचा चिकट डिंक होतो.

बॅटरी विमानाला जोडताना ठिणगी उडते. माझा जोड चुकला का?

नाही. ईएससीतले कपॅसिटर (थोडी वीज साठवणारे भाग) रिकामे असतात, ते एकदम भरतात. ३एसला ही ठिणगी बारीक असते, ६एसला दचकवते आणि पिनांना काळे डाग पाडते. त्यासाठी एक्सटी९०-एस मिळतो, आत हिरवी कडी असलेला. त्यात ५.६ ओहमचा रोधक बसवलेला असतो: पिन आधी त्याला लागते, कपॅसिटर सावकाश भरतो, मग मुख्य धातू जुळतो. अर्ध्यात थांबवून ठेवायचा नाही, एका दमात आत ढकलायचा.

धुरात शिसं असतं का?

४०० अंशांना शिशाची वाफ होत नाही म्हटलं तरी चालेल. दिसतो तो धूर राळेचा. पण तो निरुपद्रवी नाही. सतत छातीत गेला तर दमा जडू शकतो. खिडकी उघडी ठेवा, तोंड जोडाच्या बरोबर वर नेऊ नका. शिसं पोटात जातं ते हातावाटे. सोल्डरचा धागा दातात धरू नका, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात नाही. लहान मुलं रांगतात त्या फरशीवर हे काम नको.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले १८६५० (दंडगोल) सेल काढलेत. त्यांना थेट तार सोल्डर करू?

नका करू. सेलचं डबडं मोठं, ते उष्णता पिऊन घेतं, म्हणून आयर्न बराच वेळ टेकवावा लागतो. आतल्या दोन पट्ट्यांमध्ये जो पातळ प्लास्टिकचा पडदा असतो तो १३० अंशांच्या आसपास वितळू लागतो. बाहेरून काही दिसत नाही. सेल आतून कमजोर होतो आणि महिन्यांनी गुण दाखवतो. सेलवर निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावतात, आणि सोल्डर करायचं ते त्या पट्टीच्या मोकळ्या टोकाला, सेलपासून लांब. लिपोच्या सेलच्या टोकांनाही हात लावू नका. अधिकच्या बाजूची पट्टी ॲल्युमिनियमची असते, तिला आपलं सोल्डर धरतच नाही.

सोल्डरऐवजी क्रिम्प करता, म्हणजे तार पिनेत चेपून बसवता येईल?

ज्या कनेक्टरच्या पिना क्रिम्पसाठी घडवल्या आहेत त्यांनाच, आणि त्यांच्या खास हत्याराने. एक्सटी६० ची वाटी पकडीने चेपणं म्हणजे क्रिम्प नव्हे.

बॅटरी थोडी फुगली आहे. नवीन कनेक्टर लावून अजून काही दिवस चालेल?

फुगलेल्या बॅटरीजवळ तापलेला आयर्न आणायचाच नाही. कनेक्टर तिच्यासाठी नको, तिच्या जागी येणाऱ्या नव्या बॅटरीसाठी ठेवा.

काम अर्ध्यात असताना लाइट गेली तर?

आमच्याकडे गुरुवारी जाते, म्हणून हा प्रश्न. आयर्न थंड होत असताना घाईने जोड पुरा करायला जाऊ नका. टोकाचं तापमान झपाट्याने उतरतं आणि तो जोड नक्की थंड बसतो. आयर्न स्टँडवर, प्लग बाहेर. मोबाइलचा टॉर्च लावून उघड्या तारेवर पट्टी गुंडाळा, पहिला जोड झालेला असेल तर दोन्ही कनेक्टरच्या उघड्या वाट्या झाका, बॅटरी वाळूच्या बादलीशेजारी ठेवा. बारा ते चोवीस व्होल्टवर चालणारे छोटे आयर्न आता मिळतात, ते लिपोवरही तापतात. मैदानावर मी तोच नेतो. फक्त ज्या बॅटरीचा कनेक्टर बदलताय, तिच्यावरच तो आयर्न लावायचा प्रयत्न करू नका. हसू नका, एकाने विचारलं होतं.